जांभळाखालची काठी

१

काठी नव्हती. जिथे काठी होती तिथे भोक होतं.

एवढंच बघायला अर्धं गाव तलावाच्या पाळीवर जमलं होतं. जांभळाच्या सावलीत सगळे गोल करून उभे, पण ठिय्यात पाय कोणी टाकत नव्हतं.

ठिय्या म्हणजे गळ टाकणाऱ्याची बसायची जागा. आमच्या तलावाचा कायदा असा, की ज्याची काठी रोवलेली, त्याचा ठिय्या. तो बिडी प्यायला जावो, आरमोरीच्या बाजाराला जावो, काठी उभी आहे तोवर दुसऱ्यानं तिथे गळ टाकायचा नाही. शेजाऱ्याच्या दोरीवरून दोरी फेकायची नाही, मोठ्यानं खाकरायचं नाही आणि उसना गळ मागायचा नाही. बायको उसनी मागितली तरी एक वेळ चालेल, असं आमच्यात गमतीनं म्हणतात, अर्थात बायका नसताना.

ही काठी वारलूची होती, आणि वारलू मागच्या वर्षी मेला होता.

धान कापायला आलं होतं, असेच दिवस. तो त्याच्या ठिय्यावर, मी शेजारच्या माझ्या. माझ्या आजानं वैनगंगेच्या पुरात एका मरळीला खोगीर घालून नदी कशी पार केली, ते मी त्याला सांगत होतो. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा दांडगा मासा, पण खोगीर माझ्या आजानंच शोधलं. वारलू हसला नाही. मला वाटलं, गोष्ट नीट जमली नाही. म्हणून दुसरी सांगितली. ती संपली तेव्हा त्याच्या गळाला मासा लागून काठी वाकली होती आणि वारलू नुसताच बघत होता.

दोन्ही गोष्टी मी मेलेल्या माणसाला सांगितल्या होत्या.

तेव्हापासून गोष्टी बंद. लोक म्हणाले, मनसारामभाऊंना धक्का बसला. तसंही म्हणवत नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच ओठ परक्याचा वाटतो ना, तसा मी वर्षभर अख्खा होतो. दोरीवर बोट ठेवून बसायचो, मासा चाटून गेला तरी बोटाला पत्ता नसायचा.

वारलूची बायको रंभा. तिनं तेरवी झाल्यावर सगळ्यांदेखत काठी ठिय्यात रोवली. दोरी काठीभोवती गुंडाळली, गळ तोडून काढला आणि पदराच्या टोकाला बांधला. मेलेल्याच्या काठीला गळ ठेवायचा नाही हाही आमचा कायदाच. ती काठी जागा धरते, मासा धरत नाही. तिला गळ लागला तर मेलेल्याचा हक्क तिथेच संपला.

वर्ष झालं. या रविवारी तलावावर गळाची स्पर्धा होती आणि स्पर्धा झाल्यावर पाळीवरच बैठक होती. विषय एकच, वारलूची काठी ठेवायची की काढायची.

आणि रविवारी सकाळी काठीच गायब.

रंभा आली. रोजच्यासारखाच हातात पितळी गडवा, गडव्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. सकाळ-संध्याकाळ ती ठिय्यावर जायची, वारलूला पाणी द्यायला असं आम्ही समजायचो. तिनं भोकाकडे पाहिलं.

"बरं," म्हणाली, आणि गडवा मांडीवर घेऊन पाळीवर जाऊन बसली.

मासेमार संस्थेचे अध्यक्ष दादाजी माझ्याकडे वळले. "मनसारामभाऊ, तुमचा ठिय्या बाजूले. काही पाह्यलं का जी?"

वर्षभरानंतर का कोण जाणे, जुन्या सवयीनं तोंडातून निसटलं. "मरळीनं नेली असन."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका बाप्पा, पुढं सरका. दारात गर्दी करू नका."

२

हा आवाज साधनाबाईंचा. बाई एसटीत कंडक्टर होत्या, आता रिटायर. नागभीड-आरमोरी गाडीत मेंढरं, लग्नाची वऱ्हाडं आणि दारुडे यांच्यामधून वाट काढत त्यांनी उभी हयात घालवली. कोण कुठे बसला आणि कुठलं तिकीट घेऊन कुठे उतरतोय, हे त्यांना पाठीला डोळे असल्यासारखं कळायचं. कोणाच्या बाजूच्या नव्हत्या, म्हणून स्पर्धेत मासे मोजायची पट्टी त्यांच्याकडे दिली होती.

त्या ठिय्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. भोकात बोट घातलं, वास घेतला. मग म्हणाल्या, "तिकीट तपासल्याबिगर कोणी उतरायचं नाई."

"तपासायचं का त्यात?" दादाजी म्हणाले. "थे वर पाहा ना!"

जांभळाच्या फांदीला एक हिरवा रबरी बेडूक लटकत होता. पोटाखाली दोन काटे, मागे रंगीत झिरमिळ्या. तलावावर असले बेडूक एकाच माणसाकडे होते.

तो माणूस म्हणजे स्वप्निल. चंद्रपूरचा पोरगा, मोटरसायकलवर रविवारी यायचा, या खेपेला स्पर्धेसाठी शनिवारीच आला होता. त्याची काठी काळी, गुळगुळीत आणि तिला घिरघिर वाजणारी रीळ. मरळ पकडायची, ओल्या हातानं धरायची, मोजायची, फोटो काढायचा आणि परत पाण्यात. ही स्पर्धाही त्याच रीतीची, त्यानंच सुचवलेली. दादाजींना ते कधी पटलं नाही. "सोडायचीच हाय तं धरता कायले बे? नवरीले मांडवातून माघारी धाडल्यावानी!"

"स्वप्निल," बाईंनी विचारलं, "बेडूक तुझा?"

"हो, माझाच आहे मावशी."

लोकांत कुजबुज झाली.

"म्हणजे वारलूच्या ठिय्यात गळ टाकला तू?"

"मुद्दाम नाही टाकला. काल सूर्य बुडता बुडता मी पलीकडून फेकत होतो, हवा आली अन् लाईन इकडे आली. फांदीत अडकला."

"मंग काढला काऊन नाई?"

पोरगा बावरला. "कसा काढू? काढायला ठिय्यात पाय टाकावा लागला असता ना. काठी उभी होती. मी दोरी तोडून टाकली अन् फोटो घेतला, तुम्हाला दाखवून रीतसर विचारून काढायचा म्हणून."

"दाखव फोटो."

मोबाइल माझ्याही नाकासमोरून गेला. तांबडं आभाळ, फांदीला बेडूक, खाली वारलूची काठी. काठीच्या टोकापासून दोरी ताठ, तिरपी पाण्यात उतरलेली. पाण्यात एक कमळाचं पान. छान फोटो होता. मला काही वाटलं नाही. तेव्हा मला कशानंच काही वाटत नव्हतं.

साधनाबाईंनी मात्र तो बराच वेळ पाहिला.

"महागाचा असंन बेडूक?"

"माझा सगळ्यात आवडीचा आहे."

"अन् तू थो सोडून गेला, पन ठिय्यात पाय नाई टाकला." बाई दादाजींकडे वळल्या. "हा असा मानूस काठी उपटन का जी?"

दादाजींना बोलायचं होतं. पण बाईंचा डोळा खाली चिखलात गेला होता. तिथे रबरी चपलेचा ठसा होता, भोकाजवळ येऊन परत फिरलेला. जुनी चप्पल, टाच झिजलेली.

बाईंनी मान वर केली. गर्दीत निकेश आपले पाय गवतात ओढून घेत होता.

३

निकेश म्हणजे वारलू-रंभाचा एकुलता पोरगा. नागपूरकडे कारखान्यात कामाला. बाप मेल्यापासून आईला घेऊन जायला चार वेळा आला आणि चारही वेळा एकटाच परतला.

"चप्पल तुझी," बाई म्हणाल्या.

"हो, माझी."

"काठी?"

"मी नाई उपटली."

"पन उपटाले आलता."

त्यानं आईकडे पाहिलं. रंभा पाण्याकडे बघत होती. जणू दुसऱ्याच्या पोराची चौकशी चालली होती.

"आलो होतो!" तो एकदम ओरडला. "उजाडता उजाडता आलो. उपटून चुलीत घालनार होतो. वर्षभर थे रोज इथी येऊन बसते. बोलत नाई, रडत नाई, जेव म्हटलं का जेवते, झोप म्हटलं का झोपते. मी चल म्हनलं का म्हनते, काठी हाय तोवर मी हाय. मंग म्हनलं, काठीच नाई राह्यली तं येईन माह्यासंग. बसची शिट पन काढली, आजचीच." त्याचा आवाज खाली आला. "पन मी आलो तवा भोकच होतं. कसम."

"चोराची कसम!" दादाजी म्हणाले.

"तुमी नका बोलू काका. तुमालेच तं थो ठिय्या पाह्यजे. शिंगाड्याची वेल टाकाले."

दादाजी लाल झाले, पण सरळ माणूस. "हो, पाह्यजे. काठी गेली तं ठिय्या रिकामा, अन् रिकामा ठिय्या संस्थेचा. थोच कायदा. पन मले उपटाचीच असती तं आज बैठकीत, वाजत गाजत उपटली असती. मी जाळ्याचा मानूस हाव, लपून काठ्या कायले चोरू?"

हेही खरंच होतं. दादाजी गुपचूप शिंकतसुद्धा नाहीत.

तर तिघं झाले. एकाचा बेडूक, एकाची चप्पल, एकाची शिंगाड्याची वेल. आणि काठी कोणाकडेच नाही. लोक आता निकेशकडे वाईट नजरेनं बघायला लागले होते. त्यानं नेली असो वा नसो, काठी सापडली नाही तर ठिय्या गेला. ठिय्या गेला की दुपारच्या बसमध्ये रंभा. जन्मभर हा तलाव पाहिलेली बाई कारखान्याच्या मागच्या खोलीत, नळाखाली बादली लावून बसलेली मला दिसली. दिसली नुसती, टोचलं काही नाही.

साधनाबाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "भाऊ, खुंटा कसा उपटते?"

"हलवाचा, फिरवाचा, वर ओढाचा."

"मंग भोक कसं होते?"

"चहूकडून मोठं."

"पाहा."

मी वाकलो. भोकाची तीन बाजूंची कड शाबूत होती. चौथी, पाण्याकडची, फुटली होती. तिथून चिखलात एक बारीक खोल चर सरळ पाण्यात गेला होता. काठी कोणी वर उपटलीच नव्हती. ती आडवी होऊन पाण्याकडे गेली होती. चराच्या आसपास पुरुषाचं पाऊल नव्हतं, चप्पल नव्हती.

बाई हळूच म्हणाल्या, "मनसारामभाऊ, आज जन्मात पह्यल्यांदा तुमी खरं बोलले."

४

"मरळ?" दादाजी हसले. "बाई, हे याच्या आज्याच्या खोगिराचं पुढचं पान झालं! बिनगळाची काठी मासा कशी ओढन? का दातानं सोडली दोरी?"

"थेच म्हनते मी," साधनाबाई म्हणाल्या. "रंभाबाईनं दोरी काठीले गुंडाळली होती, तुमी सगळ्याईनं पाह्यली. आता या पोराचा फोटो पाहा. दोरी गुंडाळलेली हाय का?"

मोबाइल पुन्हा हातोहात फिरला. तांबडं आभाळ, बेडूक, काठी आणि ताठ, तिरपी पाण्यात गेलेली दोरी.

"रिकामी दोरी हवेनं लोंबते, झुलते. ताठ कवा होते? खाली वजन असन तवा. कोनीतरी दोरी सोडली, गळ लावला, गळाले जिवंत काहीतरी लावलं. मेलेल्याच्या काठीनं कोनी मासे धरून राह्यलं होतं."

एकदम बगळ्याच्या पंखांचा आवाज आला.

"स्वप्निल रबराचा बेडूक वापरते, त्याच्याजोळ सोताची काठी हाय. दादाजीले गळाची नफरत. निकेश आजच उपटाले आलता, थो गळ कायले लावन? मंग राह्यलं कोन?" बाई थांबल्या. "गाडीत मी नव्यालेच तिकीट मागत होती. रोजच्या पासवाल्याले कोनी इचारत नाई. थो चढते, बसते, उतरते, दिसतच नाई. इथी ठिय्यावर रोज कोन येते? ज्याचं पाऊल पाहून आपन पाऊल म्हनतच नाई, असं कोन?"

सगळ्यांची डोकी एकदम वळली नाहीत. एकेक करून वळली.

साधनाबाई रंभापाशी जाऊन बसल्या. आवाज एकदम खाली. "बाई, एक इचारते. गडव्यात पानी असते ना?"

रंभानं गडवा जवळ ओढला.

"मंग पान्याच्या गडव्याले फडकं बांधून काऊन आनता? पानी का पळून जाते?"

रंभानं गडव्याकडे असं पाहिलं, जसा तो आत्ताच कोणीतरी तिच्या मांडीवर ठेवला असावा. गाठ सोडली. फडकं बाजूला झालं आणि आतून एक जिवंत, तुकतुकीत बेडूक उडाला, तो थेट दादाजींच्या धोतरावर. दादाजी आपल्या पदाला न शोभेल असं ओरडले.

"आई?" निकेश म्हणाला.

रंभा बोलायला लागली. इतक्या दिवसांत तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"काठी रिकामी उभी होती. त्याले रिकामं बसनं आवडेच ना. मले काहीच होत नव्हतं. हात भाजला तरी होत नव्हतं. एक दिवस पदराचा गळ बांधला, बेडूक लावला अन् दोरी हातात धरून बसली. अन् खालून कोनीतरी ओढलं." ती आपल्या बोटाकडे बघत होती. "एवढंच. ओढलं. मी सोडून देल्ला थो मासा. पन बोटाले समजलं. मंग रोज जात होती, सकाळी अन् सांजेले, पाळीवर कोनी नसलं का. घरी जाताना गळ काढून दोरी गुंडाळत होती. काल नाई गुंडाळली. उद्या काठी काढतीन, म्हनलं आजची रात राहू दे."

दादाजी धोतर झटकत होते. त्यांचा आवाज उतरला होता, पण कायदा सोडायला ते तयार नव्हते. "बाई, मले वाईट वाटते. पन तुमीच सांगा. मेलेल्याच्या काठीले गळ लावला, तं हक्क गेला. अन् आता काठीही नाई. ठिय्या रिकामा हाय."

रंभा म्हणाली, "बरं."

निकेशनं पाळीवर आणून ठेवलेली आईची पिशवी उचलली. मुठी वळलेल्या. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि त्याचं तोंड काही हसत नव्हतं.

तेवढ्यात स्वप्निल ओरडला, "काकाजी! तिकडे पाहा!"

५

तलावाच्या मधोमध कमळाच्या पानांत एक बांबू उभा राहिला. बुडखा वर, टोक पाण्यात. मग आडवा झाला आणि हवेच्या उलट्या दिशेनं चालायला लागला.

मी आयुष्यभर थापा मारल्या आहेत, म्हणून हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. पण बांबू हवेच्या उलट चालत होता.

डोंगा माझाच होता. मी वल्हं घेतलं. निकेश बसायला आला, तर रंभा त्याच्याआधी बसलेली. तिनं काही विचारलं नाही. पानं बाजूला करत आम्ही बांबूपाशी गेलो. रंभानं वाकून बुडखा धरला आणि डोंगा असा हिसकला की मी वल्ह्यासकट बसलो.

"सोडू नका!" काठावरून स्वप्निल ओरडत होता. "ओढू पण नका! दमू द्या तिला!"

रंभानं सोडलं नाही, ओढलंही नाही. मासा जिकडे जाईल तिकडे काठी वाकवत राहिली. वारलू तसंच करायचा. तिनं कधी पाहिलं असेल, कोण जाणे. डोंगा मरळीमागे फिरत फिरत कुठे चाललाय, ते मला काठ जवळ आल्यावर कळलं. जांभळाखाली. मासे आपल्या दडणीकडे जातात, त्यात नवल नाही. पण मी तेव्हा वल्हं पाण्याबाहेर काढून ठेवलं, एवढं सांगतो.

रंभा ठिय्यावर उतरली, गुडघाभर पाण्यात. मरळ वर आली. हातभर असती तर मी दोन हात सांगितली असती. ती खरंच मोठी होती, म्हणून काहीच सांगत नाही. रंभानं आधी हात ओले केले. मग गळ सोडवला, माशाला पोटाखालून धरलं आणि पाण्यात टेकवून ठेवलं, तो शेपूट हलवून आपणहून निघेपर्यंत.

साधनाबाईंची मोजपट्टी हातातच राहिली.

रंभानं काठी उचलली आणि जुन्या भोकाच्या बाजूला दाबून रोवली.

दादाजींनी तोंड उघडलं.

"दादाजी," साधनाबाई म्हणाल्या, "तुमचा कायदा बरोबर हाय. वारलूचा हक्क गेला. आता सांगा, काठी कोनी रोवली?"

"रंभाबाईनं."

"जित्त्या मानसाची काठी रोवलेली असन, गळ लावलेला असन, तं ठिय्या कोनाचा?"

दादाजींनी धोतराचा सोगा सावरला. "आमच्यात बाया जाळं धरते. गळ आजवर कोन्या बाईनं..."

"कायद्यात कुठी हाय का, बाई नाई म्हनून?"

कायद्यात नव्हतं. कोणी कधी घालायचा विचारच केला नव्हता.

"शिंगाडे तिकडल्या कोपऱ्यात बी होते म्हना," दादाजी म्हणाले, आणि धोतराला बेडूक तर नाही ना, ते परत एकदा पाहून घेतलं.

निकेश पिशवी घेऊन उभाच होता. रंभा त्याला म्हणाली, "तू जेवून जाजो. बसले टाइम हाय." त्यानं पिशवी खाली ठेवली. स्वप्निलनं ठिय्याच्या कडेला उभं राहून विचारलं, "मावशी, माझा बेडूक काढू का?" रंभानं मान हलवली, तेव्हाच त्यानं आत पाय टाकला.

ही गोष्ट मी नागभीडच्या फलाटावर तिघाचौघांना सांगितली आहे. मरळीला खोगीर घातलेलं त्यांना पटतं. ही ऐकून उठून गाडीत बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ठिय्यावर गेलो. शेजारी रंभा, दोरीवर बोट ठेवून. धुकं होतं. मी दोरी टाकली. बोटाला काही कळत नव्हतं. थोड्या वेळानं, उगाच, मी बोलायला लागलो. माझा आजा आणि एक अस्वल पोंभुर्ण्याच्या जंगलात एकाच मोहाखाली मोहफुलं वेचत होते, आणि टोपली एकच होती, ती गोष्ट. चांगली रंगली. अस्वलानं आजाची टोपली डोक्यावर घेतली तिथवर आलो आणि थांबलो.

शेजारी काहीच आवाज नाही.

माझ्या मानेवर गार पाणी ओतल्यासारखं झालं. वळून बघायची हिंमत होईना. वर्षभरानंतर पहिल्यांदा मला काहीतरी झालं, आणि ती भीतीच होती.

"रंभाबाई?" मी म्हटलं.

"जित्ती हावो ना," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "आयकून राह्यली. मंग? अस्वल का म्हने?"